‘पर्सेपोलिस’ : क्रांती, मुलगी आणि घरातली मोलकरीण

मर्जान सत्रापी आणि व्हँसाँ पारोनो या दोघांनी दिग्दर्शित केलेला ‘पर्सेपोलिस’ हा फ्रेंच ॲनिमेशनपट २००७ साली प्रदर्शित झाला. त्याच वर्षी कान महोत्सवात त्याला ज्यूरींचे पारितोषिक विभागून मिळाले. इराणमधल्या १९७९ च्या क्रांतीच्या आधी, क्रांतीच्या धामधुमीत आणि क्रांतीनंतर वाढलेल्या एका मुलीची ही कहाणी आहे. ती मुलगी म्हणजे स्वतः सत्रापी. या चित्रपटावर मी जी चर्चा ऐकली आणि वाचली, तिच्यातली बरीचशी डोक्यावरच्या रुमालाभोवतीच फिरते. स्त्रीवर सक्तीने लादलेले वस्त्र हा प्रश्न लहान नाही आणि चित्रपटात तो आहेच. पण ज्याने क्रांती, परिवर्तन, समता हे शब्द व्यासपीठावरून ऐकले आहेत आणि सभा संपल्यावर सतरंज्या कोण उचलतो हेही पाहिले आहे, त्या वाचकाने हा चित्रपट आणखी एका बाजूने पाहायला हवा. या लेखात ती बाजू मांडण्याचा प्रयत्न आहे.

आधी थोडा इतिहास, कारण तो ठाऊक नसेल तर चित्रपटाचा सुरुवातीचा भाग हातातून निसटतो. रझा खान नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने १९२१ मध्ये बंड केले आणि १९२५ मध्ये काजार घराण्याला बाजूला सारून तो स्वतः शहा झाला. १९४१ मध्ये ब्रिटन आणि सोव्हिएत संघ यांच्या फौजा इराणात शिरल्या, त्याला गादी सोडावी लागली आणि त्याचा मुलगा महंमद रझा तिथे बसला. १९५१ मध्ये मोसादेक यांच्या सरकारने तेलाचे राष्ट्रीयीकरण केले. दोन वर्षांनी, ऑगस्ट १९५३ मध्ये, अमेरिकन आणि ब्रिटिश गुप्तहेर खात्यांनी घडवलेल्या कटात ते सरकार कोसळले. पुढे १९५७ मध्ये ‘सावाक’ ही गुप्त पोलीस संघटना उभी राहिली आणि तुरुंग भरू लागले. ऑक्टोबर १९७१ मध्ये याच शहाने पर्सेपोलिसच्या प्राचीन अवशेषांशेजारी तंबू ठोकून, जगभरचे राजे आणि राष्ट्रप्रमुख बोलावून, इराणी राजेशाहीच्या २५०० वर्षांचा सोहळा केला. पर्सेपोलिस हे नाव ग्रीकांनी दिलेले. इराणी माणूस त्या जागेला तख्त-ए-जमशीद म्हणतो. परक्यांच्या तोंडी असलेले नाव सत्रापींनी आपल्या आत्मकथनाला दिले आहे. परक्या देशात, परक्यांच्या भाषेत सांगितलेली ही गोष्ट आहे, याची कबुली मला त्या नावातच दिसते.

चित्रपटात हा इतिहास बाप आपल्या लहान मुलीला सांगतो, आणि पडद्यावर तो कळसूत्री बाहुल्यांच्या खेळासारखा दिसतो. रझा खान नावाची बाहुली मिशीवर ताव देते, इंग्रज बाहुला तिच्या कानाला लागतो, तेलाचा सौदा होतो, आणि बाहुलीच्या डोक्यावर मुकुट येतो. सत्तेचा इतिहास असा काही मिनिटांत आणि इतक्या नेमकेपणाने सांगितलेला मी क्वचितच पाहिला आहे. शाळेच्या पुस्तकात तेच सांगायला धडेच्या धडे लागतात आणि तरी दोरी कुणाच्या हातात होती ते कळत नाही.

सत्रापी मुळात चित्रकथाकार. त्यांचा जन्म १९६९ चा, बालपण तेहरानमधले. २००० ते २००३ या काळात पॅरिसच्या ‘लासोसिआसिओं’ या छोट्या, चाकोरीबाहेरच्या प्रकाशनाने त्यांची ‘पर्सेपोलिस’ ही चित्रकथा चार भागांत छापली. आर्ट स्पीगलमन यांच्या ‘माउस’ या पुस्तकामुळे आपल्याला या माध्यमाची ताकद कळली, असे त्यांनी सांगितले आहे. पुस्तकाचा बोलबाला झाल्यावर त्यातून चित्रपट निघाला. नटनटी घेऊन, वाळवंट आणि मशिदी दाखवून तो करता आला असता. सत्रापींनी ते टाळले. त्यांचे म्हणणे असे की, खरी माणसे आणि खरी ठिकाणे दाखवली की पाहणारा म्हणतो, ही दूरच्या लोकांची गोष्ट आहे, आपल्याशी तिचा काय संबंध? साध्या रेषेत काढलेल्या चेहऱ्याला देश चिकटत नाही. म्हणून चित्रे हाताने काढली, हातानेच शाईत गिरवली, आणि जवळजवळ सगळा चित्रपट काळ्या-पांढऱ्यात ठेवला. रंग आहेत ते फक्त वर्तमानकाळात: पॅरिसच्या ओर्ली विमानतळावर बसून सिगारेट ओढणारी, तेहरानला जाण्यासाठी येऊनही विमानात न चढू शकणारी प्रौढ मर्जान. आठवण काळी-पांढरी आणि परदेशातले रिकामपण रंगीत, अशी ही उलटी मांडणी आहे.

या काळ्या रंगाचे काम नीट पाहण्यासारखे आहे. चादोर घातलेल्या शिक्षिका आणि मुली यांचा मिळून एकच काळा डोंगर होतो. त्यातून फक्त चेहऱ्यांचे पांढरे ठिपके बाहेर येतात. निदर्शनात गोळी लागून पडलेल्या माणसाचे रक्त काळेच वाहते. माणूस कुठे संपतो आणि अंधार कुठे सुरू होतो, ते कळत नाही.

आता कथेकडे वळू. १९७८ साली मर्जी आठ-नऊ वर्षांची, ब्रूस लीची भक्त आणि मोठेपणी पैगंबर होण्याचा निश्चय केलेली. आईबाप सुशिक्षित, डाव्या विचारांचे, खाऊनपिऊन सुखी. आजोबा काजार राजघराण्यातले, पुढे कम्युनिस्ट झालेले आणि तुरुंगात खितपत पडलेले. क्रांती जवळ आली तेव्हा तिच्यात कोण नव्हते? विद्यार्थी होते, १९७८ च्या शरदात संपावर गेलेले तेलकामगार होते, बाजारातले व्यापारी, मुल्ला, स्त्रिया, कम्युनिस्ट, सगळे होते. १६ जानेवारी १९७९ रोजी शहा देश सोडून गेला. १ फेब्रुवारीला खोमेनी परतले. दोन महिन्यांत सार्वमत होऊन इस्लामी प्रजासत्ताक जाहीर झाले. त्याच्याही आधी, ८ मार्चच्या सुमारास, तेहरानच्या स्त्रिया हिजाबसक्तीच्या विरोधात रस्त्यावर उतरल्या होत्या. त्यांच्याबरोबरच्या क्रांतिकारक पुरुषांतल्या अनेकांनी त्यांना सांगितले की, आता ही वेळ नव्हे. हे वाक्य आपल्या ओळखीचे आहे. मोठा लढा चालू असताना आपला प्रश्न पुढे आणू नका, असे शोषितांना कोणत्या चळवळीत सांगितले गेले नाही?

मर्जीचा काका अनूश तुरुंगातून सुटून घरी येतो. १९४५ च्या अखेरीस अझरबैजान प्रांतात तब्रीझला एक स्वायत्त सरकार स्थापन झाले होते. वर्षभर टिकून डिसेंबर १९४६ मध्ये ते शहाच्या फौजेपुढे कोसळले. अनूश त्या काळातला तरुण. तो रशियात पळाला, शिकला, परत आला, पकडला गेला, वर्षानुवर्षे कोठडीत राहिला. कोठडीत भाकरीच्या पिठाचा हंस करून त्याने तो पुतणीला दिला. आता सगळे ठीक होईल, सत्ता श्रमिकांच्या हाती येईल, असे तो घरच्यांना सांगत राहतो. नवी राजवट त्यालाच पुन्हा उचलते. मरणापूर्वी एकाच माणसाला भेटता येईल, असे सांगितल्यावर तो या लहान मुलीला बोलावतो. त्यानंतर मर्जी रोज रात्री गप्पा मारायला येणाऱ्या देवाला हाकलून देते. हा देव पांढऱ्या दाढीचा असून कार्ल मार्क्ससारखा दिसतो, हा सत्रापींचा खट्याळपणा. पुढे मर्जान खचून मरायला टेकते तेव्हा देव आणि मार्क्स दोघेही ढगांतून तिला समजावतात.

अनूशच्या गोष्टीत मी एका ठिकाणी अडखळलो. मूळ पुस्तकात घरात राजकीय वाद चालू असताना असे मत मांडले जाते की, अर्धी जनता निरक्षर असलेल्या देशात लोकांना मार्क्सभोवती एकत्र आणता येत नाही, त्यासाठी राष्ट्राभिमान किंवा धर्मच हवा. निरक्षरतेची गोष्ट खोटी नव्हे. १९७६ च्या इराणी जनगणनेत सहा वर्षांवरील लोकसंख्येत साक्षरांचे प्रमाण निम्म्याहून कमीच भरले होते. पण या विधानातला माणूस कोण? ज्याला काही शिकवायचे नाही, फक्त मागे चालवायचे आहे, असा समुदाय. डाव्या, उदार, त्यागी माणसांच्या बैठकीतसुद्धा खालचा माणूस संख्या म्हणूनच हजर असतो. धर्मसत्तेने पुढे हीच संख्या वापरली, आणि बैठकीतल्यांना आश्चर्य वाटले.

हे ध्यानात ठेवून आता घराच्या आतल्या बाजूला जाऊ. पुस्तकाच्या आरंभीच छोटी मर्जी पैगंबर का व्हायचे याची कारणे देते. बापाकडे कॅडिलॅक गाडी आहे, आजीचे गुडघे दुखतात, आणि घरातली मोलकरीण आपल्याबरोबर जेवायला बसत नाही. तिने आपल्या धर्माचे नियमही करून ठेवले आहेत, आणि मोलकरणींनी सर्वांबरोबर टेबलावर जेवावे हा त्यांतला एक. मुलाला हे दिसते. मोठ्यांना दिसत नाही, कारण मोठे त्या वेळी जगातल्या विषमतेवर बोलत असतात.

त्या मोलकरणीचे नाव मेहरी. पुष्कळ भावंडांच्या गरीब घरातून लहानपणीच ती या घरात कामाला आली आणि मर्जीला तिनेच खेळवून वाढवले. पुस्तकात तिच्यावर एक पुरे प्रकरण आहे. मेहरी शेजारच्या मुलाच्या प्रेमात पडते. खिडकीतून नजरानजर, मग पत्रे. मेहरीला लिहिता येत नाही, म्हणून तिची पत्रे मर्जी लिहून देते. आपण या घरची मुलगी आहोत, असे मेहरीने त्या मुलाला भासवलेले असते. बातमी फुटते, या कानातून त्या कानात जात बापापर्यंत येते. बाप, जो मोर्चाला जातो आणि जुलमाविरुद्ध बोलतो, तो शेजाऱ्याकडे जाऊन सांगतो की, मेहरी माझी मुलगी नव्हे, मोलकरीण आहे. तो मुलगा तत्काळ सगळी पत्रे परत करतो. पत्रांतले अक्षर मर्जीचे आहे हे बापाच्या लक्षात येते, आणि तो तिला समजावतो की, या देशात माणसाने आपल्या वर्गातच राहायचे असते, म्हणून हे प्रेम अशक्य होते. तो क्रूर नाही. मुलीवर ओरडतही नाही. एक नैसर्गिक नियम सांगावा तसे सांगतो.

मर्जीला यात अन्याय दिसतो. ज्या क्रांतीचे गोडवे घरात गायले जातात ती यासाठीच तर हवी, असे तिला वाटते. ती मेहरीला घेऊन घरच्यांच्या परवानगीशिवाय निदर्शनाला जाते. तो दिवस नेमका ८ सप्टेंबर १९७८ निघतो. झालेह चौकात सैन्याने जमावावर गोळीबार केला तो दिवस; इराणी लोक त्याला काळा शुक्रवार म्हणतात. दोघी जिवंत परततात तेव्हा आई दोघींच्याही मुस्काटात मारते. प्रकरण तिथे संपते: वर्ग वेगळे असलेल्या दोन मुली, दोघींच्या गालांवर एकाच हाताचे वळ.

चित्रपटात मेहरीची ही गोष्ट नाही. दीड तासाच्या चित्रपटात चार भागांचे पुस्तक बसवायचे तर काहीतरी गाळावे लागणार, हे मला मान्य आहे. पण जे गाळले जाते त्यातून दृष्टी दिसते. व्हिएन्नातले प्रियकर राहिले, काळ्या बाजारात विकत घेतलेल्या कॅसेटी राहिल्या, मेहरी गेली. एका तालुक्याच्या गावी आम्ही काही विद्यार्थ्यांना हा चित्रपट दाखवला होता. चर्चा हिजाबावर, युद्धावर, देवावर झाली. शेवटी एक मुलगी उठली. तिची आई चार घरची धुणीभांडी करते. तिने विचारले, “सर, त्या घरात एवढी माणसं येतात, जेवतात, बोलतात, मग भांडी कोण घासतं?” तिने पुस्तक वाचलेले नव्हते.

चित्रपटात राहिलेला एक माणूस मात्र याच प्रश्नाशी जोडलेला आहे. ताहेर नावाच्या नातेवाइकाला हृदयविकार होतो. शस्त्रक्रियेसाठी परदेशी न्यायला हवे. सीमा बंद, त्यामुळे रुग्णालयाच्या संचालकाची परवानगी लागते. बायको संचालकाच्या खोलीत जाते तर खुर्चीत तिच्या घरच्या खिडक्या पुसणारा माणूस दाढी वाढवून बसलेला. तो तिच्याकडे वर मान करून पाहत नाही. देवाची इच्छा असेल तर बरे होतील, एवढेच म्हणतो. ताहेर मरतो. प्रेक्षागृहात या ठिकाणी एक कडवट हशा पिकतो. मी हसू शकलो नाही. या माणसाचा दोष काय? रोगी मरत असताना तो देवावर हवाला ठेवतो हा दोष. त्या जागेसाठी लागणारे ज्ञान नसताना निष्ठेच्या बळावर तो तिथे बसला आहे हा त्याला बसवणाऱ्यांचा दोष. पण हशा त्यावर पिकत नाही. खिडक्या पुसणारा खुर्चीत बसला, यावर पिकतो. चित्रपट या दोन गोष्टी वेगळ्या करत नाही. ज्या राजवटीने त्याला खुर्ची दिली तिने त्याला शिक्षण दिले नाही, आणि ज्या घराच्या खिडक्या त्याने पुसल्या त्या घरानेही दिले नव्हते. तो बाईकडे मान वर करून पाहत नाही, यात धर्माचा सोवळेपणा किती आणि वर्षानुवर्षे त्या घरात मान खाली घालून वावरल्याची सवय किती, हे मला विचारावेसे वाटते. सत्रापींना ते विचारावेसे वाटले नाही.

पुस्तकात आणखी एक जागा आहे, आणि तिथे मात्र त्यांची नजर अचूक आहे. सप्टेंबर १९८० मध्ये इराकने हल्ला केला आणि आठ वर्षांचे युद्ध सुरू झाले. घरी कामाला येणाऱ्या नसरीनबाई एक दिवस रडत बसतात. त्यांच्या मुलाला शाळेत सोनेरी रंगाची प्लॅस्टिकची किल्ली मिळाली आहे. युद्धात मेलास तर या किल्लीने स्वर्गाचे दार उघडेल आणि तिथे सगळे काही मिळेल, असे त्याला सांगितलेले आहे. मर्जी आपल्या वर्गातल्या मुलाकडे चौकशी करते की, तुमच्या शाळेत किल्ल्या वाटल्या का? त्याला प्रश्नच कळत नाही. सुखवस्तू वस्तीच्या शाळेत किल्ल्या वाटत नाहीत. त्याच पानावर वरच्या चौकटीत सुरुंगावर उडालेल्या मुलांच्या काळ्या आकृत्या, गळ्यात किल्ल्या. खालच्या चौकटीत मर्जीच्या पहिल्या पार्टीत नाचणारी मुले, जवळजवळ त्याच अंगविक्षेपांत. भोके पाडलेला स्वेटर आणि गळ्यात खिळ्यांची साखळी, ही त्या वेळची फॅशन. स्वतःच्या वर्गाविरुद्ध स्वतःच दिलेली साक्ष म्हणून मी हे पान मानतो. असे पान काढायला धैर्य लागते. आत्मकथन लिहिणाऱ्याला आपल्यावर झालेला अन्याय आठवतो. आपण नाचत होतो तेव्हा कोण मरत होते हे आठवणे त्याहून अवघड.

सत्रापींच्या प्रामाणिकपणाचा दुसरा पुरावा चित्रपटातच आहे. लहानपणी मर्जी आणि तिचे दोस्त हातात खिळे घेऊन एका मुलाच्या मागे धावतात, कारण त्याचा बाप ‘सावाक’मध्ये होता. आई तिला अडवते. बापाच्या पापाचे माप मुलाच्या पदरात घालायचे नाही, हे तिला तिथे शिकवले जाते. पुढे कितीतरी वर्षांनी, व्हिएन्नाहून परतलेली तरुण मर्जान रस्त्यात ओठ रंगवून उभी असताना पहारेकऱ्यांची गाडी येते. आता आपल्याला पकडणार, या भीतीने ती शेजारी बसलेल्या एका अनोळखी पुरुषाकडे बोट दाखवते आणि सांगते की, हा माझ्याशी असभ्य बोलला. त्याला उचलून नेतात. ती घरी येऊन हसत हसत हे आजीला सांगते. आजी भडकते. तुझे आजोबा, तुझा काका कशासाठी तुरुंगात गेले, ते विसरलीस का, असे विचारते आणि तिच्याशी बोलणे टाकते.

हा चित्रपटाचा गाभा आहे असे मी मानतो. जुलूम सोसणारा माणूस आपोआप न्यायी होत नाही. जुलमी यंत्रणा हाताशी असली की तोही तिचा वापर आपल्यापेक्षा दुबळ्यावर करतो, आणि त्या वेळी तो स्वतःला बळीच समजत असतो. आजी हे खपवून घेत नाही. दडपशाही सगळ्यांवर आहे म्हणून प्रत्येकाची जबाबदारी माफ होत नाही, अशी तिची भूमिका आहे. पकडलेल्या त्या माणसाचे पुढे काय झाले, हे आपल्याला कधीच कळत नाही. त्याला नाव नाही, संवाद नाही.

व्हिएन्नाच्या भागाविषयी फार लिहीत नाही. तो चित्रपटाचा सैल भाग आहे. पण एक प्रसंग आपल्या वाचकाने सोडू नये. एका पार्टीत मुलगा विचारतो, तू कुठली? इराण म्हटले की समोरच्याच्या डोळ्यांत काय येते हे एव्हाना तिला माहीत झालेले असते. ती म्हणते, फ्रेंच. परत जाताना रस्त्यात मनातली आजी तिच्याबरोबर चालू लागते आणि तिला जाब विचारते. शहरात खोली भाड्याने घेताना, नोकरीच्या पहिल्या दिवशी डबा उघडताना, ज्यांनी आडनाव गिळले आहे, त्यांना हा प्रसंग समजावून सांगण्याची गरज नाही. चित्रपटाच्या शेवटी पॅरिसचा टॅक्सीवाला हाच प्रश्न विचारतो, तेव्हा ती सरळ इराण असे सांगते.

चित्रपट गाजला, तसा अनेकांना बोचलाही. इराणच्या फाराबी या सरकारी सिनेसंस्थेने २००७ मध्ये फ्रेंच वकिलातीकडे निषेध नोंदवला. त्याच वर्षी बँकॉकच्या महोत्सवातून तो काढून टाकला गेला. तरीही फेब्रुवारी २००८ मध्ये काही दृश्ये कापून तेहरानमध्ये त्याचे मर्यादित प्रदर्शन झाले. ट्युनिशियात क्रांतीनंतर काही महिन्यांनी, ऑक्टोबर २०११ मध्ये, एका खाजगी दूरचित्रवाणीने तो स्थानिक बोलीत आणून दाखवला. देवाचे चित्र काढले म्हणून जमावाने वाहिनीवर हल्ला केला, आणि मे २०१२ मध्ये न्यायालयाने वाहिनीच्या प्रमुखालाच दंड ठोठावला. फक्त मुल्लांनाच हे पुस्तक टोचले असे मात्र नाही. मार्च २०१३ मध्ये अमेरिकेत शिकागोच्या शाळांच्या प्रशासनाने ते सातवीच्या वर्गांतून काढायला सांगितले होते. छळाची चित्रे मुलांना झेपणार नाहीत, हे कारण. विद्यार्थी त्याविरुद्ध रस्त्यावर आले. मोसादेकचे सरकार पाडणाऱ्या देशातल्या मुलांना त्या घटनेचे परिणाम चित्रात दाखवायचे नाहीत, असाही त्याचा एक अर्थ होतो.

चित्रपटाला जे दिसू शकत नव्हते त्याबद्दलही बोलायला हवे. मर्जान १९९४ मध्ये देश सोडून गेली, आणि तिचा इराण तिथे थांबला. पण इराण थांबला नव्हता. १९७६ मध्ये तिथल्या स्त्रियांपैकी सुमारे ३५ टक्के साक्षर होत्या. १९९६ च्या जनगणनेत हे प्रमाण सुमारे ७४ टक्क्यांवर गेले. ज्या धार्मिक वळणाच्या गरीब बापांनी शहाच्या काळी मुलींना शाळेत पाठवले नव्हते, त्यांनी आता, राजवट आपल्या धर्माची आहे म्हणून, निर्धास्तपणे पाठवले. त्या मुली विद्यापीठांपर्यंत गेल्या. यावरून कोणी त्या राजवटीचे समर्थन करू लागला तर तो अप्रामाणिकपणा ठरेल. तिने याच मुलींना नोकरीत, कायद्यात, रस्त्यावर जागोजागी अडवले आणि १९८८ मध्ये तुरुंगात हजारो राजकीय कैद्यांना फासावर चढवले. पण एवढे खरे की, मेहरीला पत्र लिहायला दुसरीचा हात लागला होता, तिच्या वर्गातल्या पुढच्या पिढीच्या मुली स्वतःच्या हाताने लिहू लागल्या.

१६ सप्टेंबर २०२२ रोजी तेहरानमध्ये पोलिसांच्या ताब्यात असताना जीना महसा अमिनी ही २२ वर्षांची तरुणी मरण पावली. हिजाब नीट नाही म्हणून तिला पकडले होते. ती कुर्द होती, राजधानीतल्या सुखवस्तू वस्तीतली नव्हे तर साक्केझ या पश्चिमेकडच्या गावची. तिच्या दफनाच्या वेळी जी घोषणा उठली, ‘जिन, जियान, आझादी’ म्हणजे स्त्री, जीवन, स्वातंत्र्य, ती कुर्द स्त्रियांच्या चळवळीतून आलेली. तिथून ती फारसीत गेली आणि मग सगळ्या देशाची झाली. दोन आठवड्यांनी, ३० सप्टेंबरला, बलुच लोकांच्या झाहेदान शहरात सुरक्षा दलांनी जमावावर गोळ्या झाडल्या आणि डझनांनी माणसे मारली. देशाच्या कडेला ढकललेले लोक या वेळी कुणाच्या मागे चालत नव्हते. शब्दच त्यांच्याकडून आले होते. सत्रापींनी २०२३ मध्ये अनेक चित्रकार आणि अभ्यासक एकत्र आणून या उठावावर त्याच घोषणेच्या नावाचे सामूहिक पुस्तक काढले. त्यात त्या एकट्याच बोलत नाहीत, हे मला त्यांच्या पहिल्या पुस्तकाच्या पुढचे पाऊल वाटते.

अभ्यासवर्गात हा चित्रपट दाखवण्याची योजना असेल तर एक सुचवतो. आम्ही आता दिवे मालवण्याआधी पुस्तकातले मेहरीचे प्रकरण उघडतो, चौकटी एकेक करून भिंतीवर दाखवतो आणि मजकूर मराठीत सांगतो. पंधरा मिनिटे लागतात. दोघींच्या गालांवरचे वळ दिसले की चित्रपट लावतो.